चौथ्या तुंब्याची घंटा

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या कागदावर हुद्दा लिहिला होता, कॉम्प्युटर. त्या काळी हा शब्द माणसाला लावत. जो आकडे मांडतो, बेरजा-गुणाकार करतो आणि उत्तर चुकलं की बोलणी खातो, तो कॉम्प्युटर. पुढे यंत्रं आली आणि त्यांनी हुद्दा घेतला. बोलणी आमच्याकडेच राहिली.

त्या यंत्रांवरही मी बरीच वर्षं काढली. प्रोग्राम लिहायचा, तो चुकायचा, मग चूक शोधायची. शोधायची एक रीत अशी की प्रोग्रामच्या मागे मागे पायरी-पायरीने चालत जायचं. दुसरी रीत मला फार आवडे. यंत्राला सांगायचं, ही एक जागा आहे, इथे हा आकडा ठेवलेला आहे. तू तुझं काम खुशाल कर. पण हा आकडा बदलला की जागच्या जागी थांब, आधी किती होता आणि आता किती झाला ते दाखव, आणि कोणाच्या हातून बदलला ते सांग. याला वॉचपॉइंट म्हणतात. एका तरुण इंजिनियराने मला हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं आणि तो नाराज झाला. त्याला सांगायला हवं होतं की हाच खेळ मी पन्नासच्या दशकात, आलापल्लीपासून एका दिवसाच्या पायवाटेवर, वाळलेल्या भोपळ्यांवर खेळून बसलो होतो. तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो.

चांदा आणि गडचिरोली तेव्हा एकच जिल्हा होता. मी सावलीकडचा, धानाच्या मुलखातला. नागपुरात गणित शिकून आलो होतो आणि सागाची झाडं मोजणाऱ्या एका तुकडीत मला घेतलं. तुकडीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ती लवकरच बंद झाली आणि जंगलाचं त्यात काही नुकसान झालं नाही.

तुकडीचे साहेब नागपूरचे. त्यांच्या तंबूत टेबल होतं, टेबलावर टेबलक्लॉथ होता, त्यावर दोन दौतींचं पितळी कलमदान होतं, आणि एका दौतीत लाल शाई होती. अस्वलाच्या वाटेवर लाल शाई ठेवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. साहेबांचा खरा अभिमान मात्र एका पुस्तिकेचा होता. त्यांनी स्वतः लिहून चक्रमुद्रित करून आणलेल्या त्या पुस्तिकेचं नाव 'गणना-कार्यक्रम', आणि तिच्यात त्रेपन्न कलमं होती. झाडापाशी जावे. छातीच्या उंचीवर घेर मोजावा. घेर अमुक असल्यास कलम सातकडे जावे, तमुक असल्यास कलम आठकडे. झाडाला वर्गाप्रमाणे चुन्याची खूण करावी. ओळ संपली नसल्यास पुन्हा कलम चारकडे जावे. मी चेष्टा करत नाही. पुढे यंत्रांवर जे प्रोग्राम पाहिले त्यांतले निम्मे याहून वाईट होते. साहेबांच्या कार्यक्रमात एकच उणीव होती. तो माणसांकडून चालवून घ्यायचा होता, आणि त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती.

तिथे गावच्या म्हाताऱ्याने मार्ग काढला. म्हातारा गोंड, सत्तरीचा असावा. गावात काहीही मोजायचं असलं की त्याला बोलवत. कोणत्या घराने मोहाची कोणती झाडं वेचायची, तेराव्याला किती पानं मांडायची, शिकारीचे किती वाटे, सगळं त्याच्या तोंडावर. त्याने मोजलं की पुन्हा कोणी मोजत नसे. त्याने चार तुंबे आणले. तुंबा म्हणजे आतून कोरून वाळवलेला कडू भोपळा. सागाच्या जाडीचे चार वर्ग होते, म्हणून तुंबे चार. काटकुळ्या झाडासाठी पहिल्या तुंब्यात चारोळीची बी, त्याहून जाड झाडासाठी दुसऱ्यात चिंचोका, तिसऱ्यात टोळी म्हणजे मोहाची बी, आणि दोघांच्या कवेत न मावणाऱ्या झाडासाठी चौथ्यात सागरगोटा. एक झाड, एक बी, आणि बी टाकणार म्हातारा स्वतः. दुपार कलल्यावर तुंबे जंगलातून येत, म्हाताऱ्याच्या घरापुढच्या मांडवात एका आडव्या बांबूला टांगले जात, आणि दिवे लागायच्या आत मी ते रिकामे करून आकडे वहीत चढवत असे. साहेबांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी तुंब्यांची पद्धत पुस्तिकेत आली. बाराव्या कलमाला जोड मिळाली की बी एकेकच टाकावी, मूठभर टाकल्यास गणना रद्द. आठवड्याने नागपूरला गेलेल्या अहवालात ती साहेबांची कल्पना झाली होती.

चार दिवसांत चार ओळी मोजून झाल्यावर साहेब तपासणीला निघाले. त्यांच्या दोन चपराशांनी ओळीतून फिरून झाडांवरच्या चुन्याच्या खुणा मोजल्या. पहिल्या तीन वर्गांत खुणा आणि माझी वही तंतोतंत जुळली. चौथ्या वर्गात खुणा जास्त, वहीतले आकडे कमी. पहिल्या ओळीत तीन कमी, दुसरीत चार, तिसरीत तीन, चौथीत पाच.

म्हणजे सगळ्यांत जाड सागच नेमके वहीतून गळत होते. साहेबांना याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. जाड झाडं सरकारी कागदावर येऊ द्यायची नाहीत आणि पुढे गुपचूप तोडायची, हा गावाचा डाव आहे आणि डावाचा मुख्य हा म्हातारा. सगळ्या गावाला मांडवात बोलावून त्यांनी हे सांगितलं. गावाला म्हणजे पुरुषांना. बायकांना बोलवायचं असतं हे त्रेपन्नांपैकी एकाही कलमात नव्हतं.

"आकडा खोटं बोलत नाही," साहेब शेवटी म्हणाले.

म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, "आकडा बोलतच नाई, साहेब. त्याच्या नावानं आपनच बोलतो."

साहेबांनी लाल शाईची दौत उघडली. पुढच्या बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्याने एका कागदावर अंगठा उठवायचा असं ठरलं. कागदावर लिहायचं की मी खोटी मोजणी केली. नंतर बाहेरून दुसरी माणसं येतील आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून होईल. बाजाराला आठ दिवस होते.

मांडव रिकामा झाल्यावर म्हातारा मला म्हणाला की ओळीवरून काढलं तर काढू दे, घरी बसून दोऱ्या वळीन. पण अंगठा उठला की गावात माझ्या मोजण्यापुढे कोण उभं राहील? मोहाच्या झाडावरून भांडण झालं की दुसरा माणूस त्या कागदाचं नाव घेईल. "मले लबाड म्हना, बाबू," तो म्हणाला. "पन मग माह्यं मोजलेलं सारंच लबाड झालं. पंचवीस वर्साचं."

मी त्याला म्हणालो की चूक मी शोधतो. का म्हणालो, माहीत नाही. एक कारण त्याच्या बाजूचं होतं. दुसरं कारण सांगायला जरा लाज वाटते. मला त्या पहिल्या चार आकड्यांची भूल पडली होती. तीन, चार, तीन, पाच. चोर एवढं नेमस्तपणे चोरत नाही आणि विसराळू माणूस नेमका एकाच तुंब्यात विसरत नाही. यात काहीतरी होतं, आणि ते मला झोपू देईना.

आधी मी शिकलो होतो तेच केलं. दोन दिवस पुस्तिका हातात धरून ओळीच्या मागे चाललो. एकेक झाड, एकेक कलम. घेर बरोबर, वर्ग बरोबर, बी पडली, चुना लागला, पुढे चला. माझ्या या चालण्याने काम निम्म्यावर आलं आणि चुन्याचं मडकं धरणारा माणूस मला विचारू लागला की नागपुरात माणसं जेवतानाही कागद बघून घास घेतात काय. दोन्ही दिवस एकही चूक दिसली नाही, आणि दोन्ही दिवस चौथा तुंबा खुणांपेक्षा कमी भरला. तीन, मग चार.

तिसऱ्या दिवशी मी जरा शहाणा झालो. ओळ संपल्यावर जंगलातच चौथा तुंबा पानावर ओतून मोजला. एकतीस. परत भरला. संध्याकाळी मांडवात मोजला तर सव्वीस. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पाच सागरगोटे गेले याचा आनंद होणारा त्या गावात मी एकटाच असणार. पण यातून केवढं कळलं होतं! जंगल निर्दोष होतं, ओळ निर्दोष होती, त्रेपन्न कलमं निर्दोष होती. तुंबा बांबूला टांगल्यापासून मी तो रिकामा करेपर्यंतच्या दोन-अडीच तासांत आकडा बदलत होता.

चौथ्या दिवशी मी तुंब्यांसमोर ठाण मांडलं. आंघोळीला नाल्यावर गेलो नाही, चहा तिथेच घेतला. डोळे ताठ झाले. संध्याकाळी मोजलं तर आकडा बरोबर. एकही सागरगोटा कमी नाही. आणि पाचव्या दिवशी मी नेहमीसारखा आंघोळीला गेलो, तर एकदम सात कमी. सात! कोणीतरी काल राहिलेलं आज वसूल करावं तसं. साहेब खूश झाले. कॉम्प्युटर समोर असताना चोरी होत नाही, नसताना दुप्पट होते, याहून स्पष्ट पुरावा तो काय, असं ते म्हणाले. पुढे यंत्रांवरही हे पाहिलं. चुकीवर डोळे रोखून बसलं की ती येत नाही आणि पाठ फिरवली की दामदुपटीने येते.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला सुचलं. म्हाताऱ्याचा बैल दारावरून चालला होता. दाट जंगलात जनावर हरवू नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी घंटा होती, ठक्क ठक्क वाजणारी. गुराखी बैलाकडे बघत बसत नाही. तो आपला झाडाखाली पडलेला असतो. घंटा बैलावर नजर ठेवते. आणि मी पाच दिवस माणसांवर नजर ठेवून होतो. माणसांवर ठेवायचीच नव्हती. तुंब्यावर ठेवायची होती.

माझ्या तोंडातली कडुलिंबाची काडी गळून पडली. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो लगेच घरोघर जाऊन घंटा गोळा करायला लागला. गावात चारच जादा घंटा निघाल्या. चार तुंबे, चार घंटा. पुढे कळलं की कित्येक यंत्रांतही अशी पाळत ठेवायला चारच जागा असतात, आणि तिथे लोक हळहळतात की पाचवी का नाही. आम्ही चारात खूश होतो. तुंब्याच्या गळ्याला दोरी, दोरीला घंटा, अशी बांधणी की तुंब्यात कोणी हात घातला की घंटा बोललीच पाहिजे.

साहेबांना परवानगी विचारली. पुस्तिकेत भर पडते म्हटल्यावर त्यांनी ती लगेच दिली आणि कलम चोपन्न स्वतः लिहिलं. घंटा वाजताच सर्वांनी जागीच थांबावे. तुंब्यात हात घालणाऱ्याने आपण कोण व काय केले ते मोठ्याने सांगावे. यास कोणीही अपवाद नाही. शेवटच्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ ओढली. हे कलम त्यांनी मांडवात वाचून दाखवलं. गावाला, म्हणजे पुन्हा पुरुषांना.

पहिल्या दिवशी फजिती झाली. घंटा बांधून मी नाल्यावर गेलो आणि पाण्यात पाय टाकतो न टाकतो तोच ठक्क. धावत आलो तर शेळी खांबाला अंग घासत होती. परत गेलो. ठक्क ठक्क. वारा. परत गेलो. एक कोंबडी बांबूवर चढून बसली होती. पाचव्यांदा वाजल्यावर मांडवातल्या माणसांनी मान वर करणंही सोडलं. "बाबू, शेळीनं आपलं नाव सांगतलं काय?" असं एकाने विचारलं. त्या गडबडीत चार सागरगोटे गेले. घंटा तेव्हाही वाजली असणारच. पण प्रत्येक हलण्याला वाजणारी घंटा आणि कधीच न वाजणारी घंटा यांत फारसा फरक नसतो.

उरला एक दिवस. उद्या बाजार. त्या सकाळी मी आणि म्हाताऱ्याने खांबांभोवती काट्यांचं कुंपण घातलं, वाऱ्याच्या बाजूला बांबूचा तट्टा लावला, बांबू शेणाने सारवला म्हणजे कोंबडीचा पाय टिकणार नाही. पहिल्या तिन्ही तुंब्यांच्या घंटा काढून टाकल्या. तिथे काही बिघडतच नव्हतं तर ऐकायचं कशाला? चौथ्याला बैलाच्या गळ्यातली मोठी घंटा बांधली. ती दोन शेतांपलीकडून ऐकू येई. तुंबे आले, टांगले. जंगलातच मोजून ठेवले होते. चौथ्यात अठ्ठावीस. मी गमछा खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने नाल्याकडे निघालो.

पाण्यात गळ्यापर्यंत उभा होतो आणि आंघोळ करत नव्हतो. नुसता ऐकत होतो. सुतार पक्षी ठोकायला लागला की घंटाच वाटे. लांब कुठेतरी लाकूड तुटलं. मग काहीच नाही. मग एकदम, स्वच्छ, जाड आवाजात, ठक्क. आणि लगेच पुन्हा, ठक्क.

मी ओल्या धोतराने धावलो. शेताच्या बांधावर पडलो, गुडघा फुटला, ते नंतर समजलं. मांडवात माणसं कलम चोपन्नप्रमाणे जागच्या जागी थांबली होती. एकाचा चिलमीचा हात तोंडाशीच होता. कुंपणाची एक काटेरी फांदी बाजूला सारून, चौथ्या तुंब्यापाशी, म्हाताऱ्याची बायको उभी होती. तिच्या हातात तीन सागरगोटे होते. मला बघून तिने पदर सारखा केला. दचकली वगैरे मुळीच नाही.

"बाई, काय करून राह्यल्या?" मी विचारलं. धाप लागली होती.

"काय म्हंजे?" ती म्हणाली. "पेनाचं काढून राह्यली."

पेन म्हणजे त्यांचा देव. मला अजून उलगडेना. मी विचारलं, काऊन? तिला माझी कीव आल्यासारखी दिसली.

"घरी आलेलं आधी त्याले काढा लागते. मंग मोजाव. न काढता मोजलं तर आटते." आणि मग जरा रागाने, "तुमी तं रोज मोजता. मीच काढतो म्हनून पुरून राह्यलं."

इतकं सोपं, इतकं समोर. त्या घरात धान्य असो, मोहफुलं असोत, डिंक असो, भांडं भरून घरी आलं की मोजण्याआधी घरच्या बाईने चिमटीभर देवासाठी काढायचं, आणि काढायचं ते सगळ्यांत चांगल्यातलं. चार तुंबे दारात येऊन टांगलेले दिसत होते. तिने त्यातलं सगळ्यांत मोठं पाहून चिमूट काढली होती. चिमटीत कधी तीन येत, कधी पाच. आणि परक्या पुरुषादेखत देवाचं काढत नाहीत, म्हणून मी आंघोळीला गेल्यावर. मांडवातली गावची माणसं परकी नव्हती, आणि त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याला ठाऊक होतं काय? तो मागून आला होता आणि कपाळाला हात लावून उभा होता. चूल पेटवली हे जसं बायको नवऱ्याला येऊन सांगत नाही, तसं हेही तिने कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. आयुष्यभर तो तिने काढल्यानंतरचंच मोजत आला होता.

मला हसायचा अधिकार नव्हता. आमच्या सावलीकडे धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. माझी आई असंच मोजत असे आणि मी गणिताची पदवी घेऊनही कधी विचारलं नव्हतं की मग एक कुठे जातो.

पण माझं डोकं वेगळ्याच गोष्टीवर धावत होतं. "बाई," मी विचारलं, "काढलेल्या बिया कुठी हायत?"

त्या होत्या! घराच्या आतल्या कोपऱ्यात देवाची जागा होती, तिथे पळसाच्या पानांचे द्रोण ओळीने मांडलेले होते, रोजचा एक. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. हात लावायचा नव्हता, मला ना म्हाताऱ्याला. तीच मोजणार होती. मी वहीचं ते पान उघडलं ज्यावर साहेबांच्या चपराशांनी आणलेले रोजचे फरक लिहिले होते, आणि पेन्सिल धरली.

तिने पहिल्या द्रोणात बोट घातलं आणि गोंडीत मोजलं. "उंडी, रंड, मूंड." तीन. वहीत तीन. दुसरा द्रोण, नालुंगवर थांबली. चार. वहीत चार. तीन, तीन. पाच, पाच. म्हातारा माझ्या खांद्यावरून वहीत बघत होता. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण मी प्रत्येक आकड्यापुढे टिंब दिलं की त्याचा श्वास ऐकू येई. तीन. चार. पाच. आठवा द्रोण रिकामा होता.

"हा काऊन रिकामा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"त्या दिशी हे बाबू तिथीच बसून राह्यले होते," ती म्हणाली. "काढाव कसं? रिकामाच मांडला. देवाले सांगतलं, उद्या देतो."

नवव्यात सात.

मी टिंब दिलं आणि कागद फाटला. दहाव्यात चार, आणि आजचे तिच्या मुठीतले तीन. अकरा दिवस, एक्केचाळीस सागरगोटे, आणि एकही इकडचा तिकडे नाही. आयुष्यात पुढे मी पुष्कळ प्रोग्रामांतल्या चुका शोधल्या. त्या संध्याकाळच्या रिकाम्या द्रोणाइतका आनंद कशाने झाला नाही.

साहेबांना सांगायला गेलो तेव्हा ते कागद तयार करून बसले होते. अंगठ्यासाठी जागा सोडलेली होती आणि शाईची गादी झाकण काढून ठेवली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म पुढे ओढून एकेक रकाना पाहिला. मग म्हणाले की हे सारं खरं असलं तरी देवाचा रकाना फॉर्मात नाही, म्हणून एक्केचाळीस झाडं गणनेत कशी धरायची हा प्रश्न उरतोच. मी म्हणालो की बाराव्या कलमाप्रमाणे बिया तुंब्यात पडल्या तरच झाडं गणनेत येतात. तेव्हा देवाच्या राहू द्याव्यात आणि तेवढेच दुसरे सागरगोटे चौथ्या तुंब्यात टाकावेत. साहेबांना हे पटलं. कलमांत बसणारी कोणतीही गोष्ट त्यांना पटत असे. चांगला गुण होता तो, आता वाटतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी गाव मांडवात जमलं. या वेळी बायकाही होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्या आल्या. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हाताऱ्याला म्हणाले की चला, टाका बिया.

म्हातारा उठला नाही. "मी एकडाव टाकल्या, साहेब," तो म्हणाला. "त्या खोट्या म्हटल्या तुमी. चारचौघांत म्हटल्या. आता तुमीच टाका."

साहेब तांबडे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी वहीत पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून चपराशाकडे दिली, टोपल्यातून सागरगोटे मुठीत घेतले आणि तुंब्यापाशी गेले. मूठ तुंब्यावर धरली आणि थांबले. बारावं कलम त्यांचंच होतं. त्यांनी मूठ मागे घेतली, एक सागरगोटा वेगळा काढला आणि टाकला.

ठक्क, घंटा बोलली. कोणीतरी मागून, अगदी साध्या आवाजात, विचारलं, "कोन?"

चोपन्नावं कलमही त्यांचंच होतं, लाल रेघेसकट.

"मी," साहेब म्हणाले. "एक टाकली."

ठक्क. "मी. एक टाकली." ठक्क. पहिल्या आठ-दहा सागरगोट्यांना ते घशातल्या घशात बोलले. तेवढ्यात मागून म्हातारी म्हणाली की ऐकू येऊन नाई राह्यलं, आणि साहेबांचा आवाज वाढला. पुढेपुढे तर त्यांना त्याची लयच सापडली. मी वहीच्या कडेला रेघा ओढत होतो. विसाच्या सुमारास पोरीबाळी त्यांच्याबरोबर म्हणायला लागल्या, आणि साहेबांनी त्यांना थांबवलं नाही. शेवटचा सागरगोटा पडल्यावर म्हाताऱ्याने उठून तुंब्यात पाहिलं, मग साहेबांच्या खिशाकडे पाहिलं. साहेबांनी घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याने तो वाचला नाही, वाचता येत नव्हताच. चुलीत घालायला बायकोकडे दिला.

नंतर मोजणी सुरळीत चालली. फॉर्मावर साहेबांनी स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुंबे टांगले आणि मी गमछा घेऊन निघालोच होतो तेवढ्यात मागे घंटा वाजली. मी थांबलो, सगळेच थांबले. आता माझ्यासमोर काढायला तिची हरकत उरली नव्हती.

"मी," म्हातारी मोठ्याने म्हणाली. "पेनाचे चार."

साहेब खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर न करता टाक लाल शाईत बुडवला आणि नव्या रकान्यात चार लिहिले.